अंकल वॉलीची बोटं

पाणबुडीचं नाव हाहालुआ. पंखांसारखे कल्ले पसरून तरंगत जाणारा तो चपटा, प्रचंड मासा असतो ना, त्याचं आमच्याकडचं, हवाईतलं नाव. मुख्य भूमीवरून आलेला एक तरुण शास्त्रज्ञ पहिल्याच दिवशी तिला लाडाने नुसतं 'लुआ' म्हणायला लागला, तेव्हा शेडमधल्या सगळ्यांनी माना खाली घातल्या. लुआ म्हणजे संडास. अंकल वॉली मात्र गंभीर चेहऱ्याने त्याला म्हणाले, "साहेब, नेमकं तेच हिच्यात नाहीये. दिवसभर खाली राहायचं असतं. उतरण्याआधी जाऊन येत जा."

मीही त्या दिवशी नवीनच होते, पण वायपाहूची, म्हणजे इथलीच. हसू दाबायला फडकं तोंडाला लावून उभी होते. अंकलच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"नाव काय तुझं?"

"मेरिबेल रामिस्काल."

"एवढं लांब नाव पाणबुडीच्या आत मावायचं नाही. बेल म्हणतो मी."

तेव्हापासून मी त्या धक्क्यावर बेल झाले. आता मला त्या नावाने हाक मारणारं कोणी उरलेलं नाही, आणि कधीकधी बाजारात कोणाच्या तरी सायकलची घंटा वाजली तरी मी मागे वळून बघते.

त्र्याण्णवचा उन्हाळा होता. मी होनोलुलूच्या कम्युनिटी कॉलेजात यंत्रदुरुस्ती शिकत होते आणि शेवटच्या वर्षाआधी कुठेतरी उमेदवारी करणं भाग होतं. वर्गातली बाकीची मुलं विमानतळावर नाहीतर गोदीत गेली. मी संशोधनाच्या पाणबुडीवर जातेय म्हटल्यावर बाबा घाबरले. ते आयुष्यभर साखर कारखान्यात बॉयलरपाशी राहिलेले. त्यांना वाटलं मी नौदलात भरती झाले. आईने विचारलं, "तिथे जेवायचं काय?" आणि दुसऱ्या दिवसापासून डब्यात इतका भात आणि पिनाकबेत, ती आमची फिलिपिनो मिश्र भाजी, भरायला लागली की निम्मा धक्का जेवून उठायचा.

मकापूच्या कड्याखाली, जिथे डोंगर थेट समुद्रात उतरतो, तिथे आमचा धक्का होता. धक्क्यावर पत्र्याची शेड, आणि शेडमध्ये पाणबुडी. मी मनात लांबलचक, निमुळतं काहीतरी कल्पून गेले होते. प्रत्यक्षात समोर होता एक पोलादी गोळा, तीन माणसं गुडघे दुमडून बसतील एवढा. त्याला पुढे तीन लहान खिडक्या, डोक्यावर झाकण, आणि भोवती लोखंडी सांगाडा, बॅटऱ्यांच्या पेट्या, पंखे, दिवे आणि समुद्रतळावरच्या वस्तू उचलणारा एक यांत्रिक हात. वर्षातून एकदा हे सगळं सुटं करून, धुऊन, तपासून पुन्हा जोडायचं. त्या कामाला मी आले होते.

अंकल वॉलींचं पूर्ण नाव वॉलेस तामाशिरो. साठीला टेकलेले, ठेंगणे, मान बैलासारखी जाड. तोंडात कायम सुकवलेल्या माकुळाची एखादी पट्टी. हाहालुआ बेटावर आल्या दिवसापासून तिची देखभाल त्यांच्याकडे होती. त्यांच्या वरचा म्हणायचा तर डॅरिल काहेले, तिचा चालक आणि सगळ्या मोहिमेचा प्रमुख. तो पस्तिशीचा होता. मी त्यालाही आदराने अंकल म्हटलं, तर म्हणाला, "पुन्हा अंकल म्हणालीस तर पाण्यात ढकलीन." म्हणून तो नुसता डॅरिल.

पहिले काही दिवस मी गोड्या पाण्याने सांगाडा धुतला, गंजके बोल्ट काढले, बॅटऱ्यांच्या पेट्यांमधलं जुनं तेल उपसलं. केसांना तेलाचा वास यायचा, बसमध्ये बायका बाजूला सरकायच्या. मला त्याचा राग यायच्या ऐवजी गंमत वाटायची. मग एका सकाळी अंकलनी मला बोलावलं आणि समोर एक पोलादी चकती ठेवली. गोळ्याच्या पोटाला जिथून विजेच्या तारा आत जातात, तिथल्या एका भोकाचं ते तोंड. चकतीवर गोल खाच होती. त्या खाचेत रबरी कडी बसते, ओ-रिंग, आणि त्या कडीच्या भरवशावर समुद्र बाहेर राहतो.

"नखाएवढ्या जागेवर खाली किती वजन पडतं, ठाऊक आहे?" अंकलनी विचारलं. "तुझ्याएवढी एक बाई उभी राहील, एवढं. आणि तीही शंभर-दोनशे फुटांवर नाही म्हणत मी, खूप खाली. तिथे या खाचेत एक केस अडकलेला असला ना, तरी पाणी वाट काढतं. डोळ्यांना केस दिसेलच असं नाही. बोटाला कळतो. डोळे मीट."

मी डोळे मिटले. त्यांनी माझं बोट धरून खाचेवर ठेवलं आणि सावकाश गोल फिरवलं. थंड, गुळगुळीत, जराशी तेलकट. मग मध्येच काहीतरी. नावही देता येणार नाही इतकं बारीक.

"इथे."

"काय आहे?"

"माहीत नाही. पण आहे."

त्यांनी कापडाने पुसलं. कापडाचाच एक तंतू होता. "बस," ते म्हणाले, "यापुढे काय वाटलं ते सांगायचं. काय आहे ते नंतर बघू."

मग आमचे ते दिवस सुरू झाले. त्यांचं सगळं मला अजून लख्ख आठवतं. सकाळी व्यापारी वारे सुटलेले, पत्रा कुरकुरतोय, रेडिओवर जुनी हवाईयन गाणी, आणि आम्ही दोघं उलट्या बादल्यांवर बसून एकेक खाच साफ करतोय. आधी अंकल बोट फिरवायचे, मग मी. त्यांनी पसंत केलं की मी कडीला ग्रीसचा अगदी पातळ हात द्यायचा. "भातावर सोयाचं शोयू घालतेस तसा नको," ते म्हणायचे, "लिपस्टिक लावतेस तसा."

"मी लिपस्टिक लावत नाही, अंकल."

"मग शिक. कामाला येईल."

दुपारी सगळे कठड्यावर पाय सोडून जेवायला बसायचे. अंकलची बायको, आंटी जॉइस, शुक्रवारी अंदागीचा डबा पाठवायची; ते तळलेले ओकिनावन गोळे बाहेरून तडकलेले आणि आतून मऊ असायचे. अंकल एकही खात नसत. "साखर आहे मला," म्हणायचे आणि डबा माझ्याकडे ढकलायचे. "तू खा. लग्नाआधी अंगाला थोडं मांस चढू दे."

साधारण महिना झाला असेल. एका चकतीवरून अंकलनी बोट फिरवलं, मान हलवली आणि ती माझ्याकडे सरकवली. मी डोळे मिटून बोट फिरवलं. एका जागी बोट अडखळलं. पुन्हा फिरवलं, पुन्हा तिथेच. हा तंतू नव्हता, ओरखडा होता, पोलादातलाच. मी अंकलकडे पाहिलं. ते पुढच्या चकतीला लागले होते. मला वाटलं, माझंच चुकत असेल. मी कोण, महिनाभराची पोर. तरी मी ती चकती कडी न घालता बाजूला ठेवली.

दोन दिवसांनी ते तारांवर प्लास्टिकची नळी गरम हवेने आवळून बसवत होते. काम झाल्यावर त्यांनी माझ्याकडे पक्कड मागितली. ती देताना मला दिसलं, त्यांच्या उजव्या तर्जनीच्या टोकावर फोड आला होता. ताजा, पाण्याने भरलेला.

"अंकल, भाजलंय तुम्हाला."

त्यांनी बोट वळवून पाहिलं. चेहऱ्यावर दुखल्याची खूण नव्हती. नुसतं आश्चर्य होतं, जणू ते बोट दुसऱ्या कोणाचं होतं.

"केव्हा भाजलं हे," ते पुटपुटले. मग म्हणाले, "कातडं जाड झालंय. कामाचे हात आहेत." आणि पक्कड घेऊन वळले.

माझी एक मावशी वहियावात राहायची. तिलाही साखर होती, मधुमेह, आणि पायात खिळा घुसलेला तिला संध्याकाळपर्यंत कळला नव्हता. घरी जाताना सगळ्या रस्त्यात माझ्या डोळ्यांसमोर तो पाय येत राहिला.

डॅरिलला सांगणं सोपं होतं. तो दिवसातून दहा वेळा शेडमधून जायचा. पण ज्या माणसाने माझं बोट धरून मला शिकवलं, त्याच्या पाठीमागे ते बोलायला माझी जीभ रेटेना. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत बाकीचे उठून गेल्यावर मी ती चकती घेऊन त्यांच्या शेजारी जाऊन बसले.

"अंकल, हिच्यावर ओरखडा आहे."

त्यांनी बोट फिरवलं. "कुठे?"

"इथे."

पुन्हा फिरवलं. मग सावकाश, दाबून. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते आणि मला तिथून उठून जावंसं वाटत होतं.

"काही नाही इथे," ते म्हणाले.

"अंकल, तुमच्या बोटांना कळत नाहीये."

खाली लाटा खांबांवर आपटत होत्या. मग ते उठले, चकती माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "छऱ्यांची टाकी गंजलीय. उद्यापासून ती खरवड."

खाली जाताना वजन म्हणून लोखंडी छरे भरतात, त्यांची ती टाकी. मी तिच्यात डोकं घालून तीन दिवस गंज खरवडला. अंकल माझ्याशी बोलले नाहीत. शुक्रवारी अंदागीचा डबा आला तो त्यांनी सरळ डॅरिलपुढे ठेवला. डॅरिल तोंड भरून म्हणाला, "काय गं, काय पाप केलंस? म्हाताऱ्याने खायचंही बंद केलं तुझं?" मी म्हटलं, "गंज जास्त आहे." नाकातोंडात तांबडी धूळ जायची, ती शिंकरताना मी रडतेय की काय, हे कोणाला कळायचं कारण नव्हतं.

सोमवारी सकाळी मी आले, तर शेडमध्ये अंकल एकटेच होते. टेबलावर त्यांनी चार चकत्या ओळीने मांडल्या होत्या. मला म्हणाले, "हात धुऊन ये."

मी हात धुऊन आले. त्यांनी टोपी काढली, डोक्यावरचा एक पांढरा केस उपटला आणि माझ्या हातात दिला.

"मी पाठ करून उभा राहतो. यातल्या कुठल्याही एका खाचेत ठेव. मग सांग."

"अंकल, कशाला..."

"ठेव म्हटलं ना."

मी तिसऱ्या चकतीत ठेवला. ते वळले, डोळे मिटले, आणि एकेका खाचेवरून बोट फिरवत गेले. इतक्या हळू की त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. तिसरीवरून बोट गेलं, केस तर त्यांच्या बोटाखालून निसटून बाजूला झाला. ते थांबले नाहीत. चौथी संपवली. परत पहिलीकडे आले.

"दुसरी," ते म्हणाले.

"तिसरी," मी म्हटलं.

"डावा हात बघू. पुन्हा ठेव."

डाव्या हातालाही कळलं नाही. मग मधल्या बोटाने, मग अंगठ्याने. एकदा बरोबर आलं, पण आम्हा दोघांनाही कळत होतं की ते नशिबाने आलं. शेवटी त्यांनी डोळे उघडले आणि कोपऱ्यातल्या नळावर जाऊन बराच वेळ साबणाने हात धुतले. मळ नव्हता हातांना. तरी ते धूतच राहिले.

"गेल्या वर्षी कळत होतं," माझ्याकडे न बघता ते म्हणाले. "पावसाळ्यापर्यंत कळत होतं. मग मला वाटलं ग्रीस बदललंय." नळ बंद करून त्यांनी हात पुसले. "तू डॅरिलला सांगितलंस?"

"नाही."

"का नाही?"

"तुम्हाला सांगायचं होतं."

त्यांनी मान हलवली. "बरं केलंस. आता मी सांगतो."

त्यांनी खरंच त्याच क्षणी जाऊन सांगितलं. डॅरिलच्या खोलीचं दार उघडंच होतं, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं. डॅरिल पहिल्यांदा हसला, त्याला थट्टा वाटली. मग त्याचा आवाज उतरला.

"या वर्षी तुम्ही बंद केलेलं किती आहे?"

"बरंच. सगळं उघडावं लागेल."

"अंकल, पुढच्या आठवड्यात शास्त्रज्ञ येतायत. जहाज ठरलंय."

"मग ते बसतील. समुद्र कुठे चाललाय?"

डॅरिल म्हणाला, "उघडायचं कोणी?"

"बेल उघडेल. मी शेजारी बसतो."

"ती शिकाऊ आहे."

"तिच्या बोटांना कळतं," अंकल म्हणाले. "तुझ्या कळत असतील तर तू ये."

डॅरिलही आला. म्हणजे मी तपासायचं आणि माझ्यानंतर त्याने, असं ठरलं. शास्त्रज्ञ आले, कपाळाला आठ्या घालून धक्क्यावर फेऱ्या मारायला लागले, आणि आम्ही जोडलेलं सगळं पुन्हा सोडवलं. अंकल बादलीवर बसून सांगायचे: हा बोल्ट उलटा फिरतो, ही तार आधी सोडव, हिच्या मागे एक वॉशर लपलेला असतो तो पाण्यात पाडू नकोस. त्यांचे हात मांडीवर असायचे. बोलता बोलता बोटं आपोआप हलायची, हवेतच बोल्ट फिरवायची, मग ते एका हाताने दुसरा धरून ठेवायचे. एकदा मी नजर वळवली तेव्हा ते म्हणाले, "माझ्याकडे काय बघतेस. खाचेकडे बघ."

इतकं उघडूनही नवं काही सापडलं नाही; होता तो मी बाजूला ठेवलेला एकच ओरखडा. बाकी सगळं स्वच्छ होतं. अंकलनी मला तो घासून गुळगुळीत करायला शिकवलं, सगळ्यात बारीक पॉलिश कागदाने, खाचेच्या दिशेने, आडवा हात न मारता. पूर्ण दीड दिवस गेला. ओरखडा तसाच राहिला असता तर पाणी आलं असतं का, हे मी नंतर डॅरिलला विचारलं. तो म्हणाला, "आलं असतं किंवा नसतंही. मला जाऊन बघायचं नाहीये."

धक्क्यावरची जुनी रीत होती. ज्याने कड्या बसवल्या, त्याने पहिल्या चाचणीला पाणबुडीत बसायचं. दरवर्षी डॅरिलबरोबर अंकल बसत. त्या वर्षी ते मला म्हणाले, "कड्या तुझ्या आहेत."

"तिसरी जागा आहे ना," मी म्हटलं. "तुम्ही पण चला."

ते माकुळाची पट्टी चघळत राहिले. मग म्हणाले, "वजन वाढेल. छरे कमी भरा."

झाकण बंद झालं आणि बाहेरचा वारा एकदम थांबला. मग खिडकीबाहेर हिरवं, निळं, मग नुसतं काळं. आत गारवा वाढत गेला. आम्ही तिघं गुडघ्याला गुडघा लावून बसलो होतो. मधली खिडकी अंकलनी मला दिली. बाहेरच्या दिव्यांच्या उजेडात पांढरे कण वर जाताना दिसत होते. वर जात नव्हते, आम्ही खाली जात होतो. तळ आला तेव्हा डॅरिलने दिवे मालवले आणि यांत्रिक हाताने एका सोनेरी पोवळ्याच्या झुडपाला हलकंच स्पर्श केला. झुडूप शिवलेल्या जागेपासून उजळत गेलं, हिरवट निळं, फांदीफांदीतून.

आणि तेव्हाच माझ्या घोट्यावर थेंब पडला.

मी विजेरी लावली. माझ्या पायाशेजारी, जिथून तारा आत येतात तिथल्या चकतीच्या कडेला, पाण्याची एक रेघ उतरली होती. तीच चकती. ओरखड्याची. डॅरिलचा हात वर निघण्यासाठी छरे सोडण्याच्या कळीवर गेला.

"थांब," अंकल म्हणाले. त्यांनी वाकून ती रेघ बोटाने टिपली आणि बोट जिभेवर ठेवलं. डोळे मिटले. मी आयुष्यात कोणाच्या तोंडाकडे इतकं रोखून बघितलं नसेल.

"गोडं," ते म्हणाले. "आपलाच घाम आणि वाफ. पोलाद गार पडलं की सुटते. घे, तूही बघ."

मी बोट लावून चाखलं. गोडं होतं, जरासं लोखंडाच्या चवीचं.

"जीभ शाबूत आहे अजून," अंकल म्हणाले, आणि डॅरिलला हसू फुटलं, मग मलाही, आणि त्या अंधारात, मैलभर पाण्याच्या पोटात बसल्यासारखं वाटत असताना, आम्ही तिघं मूर्खासारखे हसत बसलो. वरच्या लाँचवरून टेलिफोनवर विचारणा झाली, खाली काय चाललंय. डॅरिल म्हणाला, "पाणी चाखतोय."

अंकलनी त्या शरदात काम सोडलं. निरोपाला त्यांनी कोणाला भाषण करू दिलं नाही. त्यांची हत्यारं त्यांनी घरी नेली. वाटून टाकली नाहीत, आणि मला ते बरं वाटलं. मी पुढे कॉलेज संपवून धक्क्यावर कायमची लागले आणि हाहालुआ निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. ती निवृत्त झाली तेव्हा डॅरिलचेही केस पिकले होते. शेड आता दुसऱ्या कोणाकडे आहे.

अंकलना मात्र मी दर जुलैत भेटायची. काम सोडल्यावर ते घरात बसून चिडचिडे होतील असं आंटी जॉइसला वाटलं होतं, म्हणून तिने त्यांना कानेओहेच्या ओकिनावन मंडळात नेऊन घातलं. तिथल्या लोकांनी त्यांच्या हातात ढोलाच्या टिपऱ्या दिल्या. पितरांच्या स्मरणाच्या बोन नाचात मैदानाच्या मधोमध लाकडी मचाण असतं, त्यावर मोठा ढोल. तो वाजवायला बोटांची टोकं लागत नाहीत, खांदे लागतात, आणि खांदे अंकलकडे भरपूर होते. पहिल्या वर्षी मी गेले तेव्हा त्यांना ओळखलंच नाही. कपाळाला निळी पट्टी बांधलेला, घामाने निथळणारा तो माणूस सगळं अंग झोकून वाजवत होता, आणि खाली कंदिलांच्या उजेडात आजी, नाती, सुना गोल करून नाचत होत्या.

आंटीने मला ओढून गोलात घातलं. मला पावलं येत नव्हती. तीन पुढे, एक मागे, टाळी. मी टाळी विसरायची. ढोल जरा थांबला तेव्हा वरून आवाज आला.

"बेल, मागे एक पाऊल राहिलं तुझं."

"मोजतेय, अंकल," मी म्हटलं.

"मोजू नकोस. ऐक." आणि त्यांनी पुन्हा टिपरी उचलली.